व्ही-क्रॉसवर कॅम्परचा डबा, मागचं बूड बसतंय: पाटे वाढवायचे, एअरबॅग घालायच्या की आणखी काही?

मालव्याचीभटकी, इंदूर

नमस्कार मंडळी.

गाडी इसुझू व्ही-क्रॉस पिकअप, २०१८ ची, दुसऱ्या हाताची. बँकेतली नोकरी मुदतीआधी सोडली आणि आलेल्या पैशातला एक हिस्सा हिच्यात घातला. चालवते मी. नवरा शेजारी बसून नकाशा बघतो आणि चहाच्या टपऱ्या हेरतो.

हौद्यावर फायबरचा डबा बनवून घेतला आहे, आतून अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा. दोघांची झोपायची सोय, छत वर उचलता येतं. चार कोपऱ्यांना जॅक लावून डबा उतरवता येतो, पण खरं सांगायचं तर पावसाळा सोडला तर तो चढलेलाच असतो. आत ८० लिटरची पाण्याची टाकी, पाच किलोचं सिलिंडर, छोटा फ्रीज, आणि दिव्या-पंख्यांसाठी घरच्या इन्व्हर्टरला असते तशी १५० एएचची ट्यूब्युलर बॅटरी. बनवणाऱ्याने टाकी आणि बॅटरी दोन्ही दाराजवळ, म्हणजे अगदी मागे बसवल्या आहेत. पाणी भरायला सोपं म्हणून.

आता दुखणं. डबा चढवला की मागचं बूड बसतं आणि नाक आभाळाकडे. एबी रोडवर रात्री समोरचे ट्रकवाले डिपर मारून मारून शिव्या घालतात. हेडलाईट खाली करायची चकती शेवटच्या आकड्यापर्यंत फिरवूनही फरक नाही. ऐंशीच्या वर स्टिअरिंग हलकं, पोकळ लागतं. महूहून जाम घाटाने मंडलेश्वरकडे उतरताना वळणात डबा बाहेरच्या बाजूला कलतो आणि लगेच परत येत नाही, थोडा वेळ डुलत राहतो. आमच्या सुदामा नगरातल्या गतिरोधकांवर तर मागून धप्प आवाज येतोच येतो, कितीही हळू घ्या.

इंदुरात तीन ठिकाणी दाखवली. पहिला म्हणाला, शॉकअप गेलेत, जरा भारीतले घाला, गाडी उचलेल. दुसरा म्हणाला, दोन पाटे (लीफ स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या) वाढवतो, उद्या घेऊन जा. तिसऱ्याने मोबाईलवर एअरबॅगचा (पाट्यांना आधार देणाऱ्या हवेच्या पिशव्या, अपघातातल्या नव्हेत) व्हिडिओ दाखवला आणि आगाऊ रक्कम मागितली. तिघांपैकी एकानेही खाली वाकून पाहिलं नाही.

मी मोजलेले आकडे, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत, सपाट फरशीवर:

डबा नसताना पुढे ५३० मिमी, मागे ५६०.
डबा भरून चढवल्यावर पुढे ५४१, मागे ४७८.

मागच्या बंप रबरापर्यंत (बूड पुरतं बसलं की टेकतं तो रबरी ठोकळा) बोटभर जागा उरते. रिकामी गाडी बैलगाडीसारखी उडायला नको, एवढीच अट. काय करावं?

---

छप्पनभोगी, इंदूर

ताई, एवढा विचार कशाला करता. माझ्या पिकअपला देवास नाक्यावर दोन पाटे टाकून घेतले, कांदा भरून दोन वर्षं पळतोय. अर्ध्या दिवसाचं काम आहे.

---

लश्करवाला, ग्वाल्हेर

छप्पनभोगी भाऊ, कांदा मंडईत उतरतो. ताईंचा डबा उतरत नाही. फरक तिथेच आहे.

ताई, माझी नोकरी मालनपूरच्या औद्योगिक पट्ट्यात गेली, स्प्रिंगच्या कामात. तिथे जमना ऑटोचा लीफ स्प्रिंगचा मोठा कारखाना आहे हे इकडच्या सगळ्यांना ठाऊक असतं. तेव्हा पाट्यांबद्दल दोन गोष्टी खात्रीने सांगू शकतो.

एक, शॉकअप वजन उचलत नाही. वजन पाटा उचलतो. पाटा वरखाली झाल्यावर त्याची उसळी आवरायचं काम शॉकअपचं. पहिल्या मेकॅनिकचं ऐकून भारी शॉकअप घातले तर गाडी तिथेच बसलेली राहील, फक्त जरा शहाण्यासारखी बसेल. (गॅसचे शॉकअप थोडासा धक्का वर देतात, पण तो तुमच्या ८२ मिलिमीटरला (मागचे ५६० वजा ४७८) पुरायचा नाही.)

दोन, पाट्याच्या कडकपणाचा हिशोब लोक अंदाजाने करतात आणि तिथे फसतात. कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो. सातचा पाटा काढून आठचा घातला, तर दिसायला एकच मिलिमीटर जास्त, पण तो एक पाटा जवळजवळ दीडपट कडक झाला. सारख्या जाडीच्या तीन पाट्यांच्या गठ्ठ्यात तसाच चौथा घातला तर कडकपणा एक तृतीयांशाने वाढतो. दोन घातले तर दोन तृतीयांशाने. म्हणून ‘दोन टाकून देतो’ हे वाक्य मला ऐकवत नाही. किती जाडीचे, किती लांबीचे, कुठल्या जागी? हे तीन प्रश्न विचारा, समोरचा गप्प झाला तर गाडी सुरू करून निघा.

पण त्याआधी वजन हवं. उंची सांगितलीत, फार बरं केलंत, बहुतेक लोक तेवढंही करत नाहीत. आता धरमकाट्यावर जा. पावती एका आकड्याची घेऊ नका. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची. जागा असेल तर एकदा नुसती डावी बाजूही. तेच डबा उतरवून पुन्हा. काटेवाल्याला दहा-वीस रुपये जास्त द्या, तो कुरकुरेल पण करेल.

---

मालव्याचीभटकी, इंदूर

काटेवाल्याने आधी विचारलं, “मॅडम, माल काय आहे?” म्हटलं, संसार आहे. मग त्याने काहीच विचारलं नाही.

दोन्ही वेळा डिझेल टाकी भरलेली, मी एकटी आत बसलेली.

डबा नसताना: पुढे १०८०, मागे ८८०, एकूण १९६० किलो.
डबा, पाणी, गॅस, भांडीकुंडी सगळं धरून: पुढे १०२०, मागे १४९०, एकूण २५१०.
भरलेली असताना डावी बाजू १२८५, उजवी १२२५.

म्हणजे सामान चढलं ५५० किलोचं, पण मागच्या आसावर (अ‍ॅक्सलवर) वाढले ६१०. आणि पुढचा आस साठ किलोने हलका झाला! बँकेत इतकी वर्षं ताळेबंद जुळवले, पण अशी नोंद पहिल्यांदा बघितली. आरसीवरच्या एकूण वजनाशी ताडून पाहिलं, मी एकटी असेन तर अगदी काठावर, नवरा बसला की वर.

---

आबा_लसूडियावाले, इंदूर

पोरी, आता बोलता येईल.

मी लसूडिया मोरीला कमानीचं म्हणजे पाट्यांचं काम केलं, ट्रकचं. आता दुकान पोरगा बघतो आणि मी त्याला शिकवायला गेलो की मला घरी पाठवतो. तेव्हा इथे लिहितो.

तुझा ताळेबंद बरोबर जुळतोय. या गाडीचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या आसांतलं अंतर) ३०९५ मिलिमीटर. पुढचे साठ किलो गेले याचा अर्थ तुझ्या डब्याचं सगळं वजन मिळून मागच्या आसाच्याही मागे साधारण एक फूट, म्हणजे ३४० मिलिमीटरच्या आसपास पडतंय. साठ भागिले साडेपाचशे, गुणिले ३०९५, कर हिशोब. डबल कॅबच्या गाडीचं हेच दुखणं आहे. माणसांना मागची सीट दिली की हौदा आखूड होतो आणि मागे सरकतो. सिंगल कॅबचा लांब हौदा असता तर हेच सामान आसाच्या पुढे बसलं असतं आणि तुझं स्टिअरिंग पोकळ झालं नसतं. पुढची चाकं रस्ता सोडायला बघतायत, ऐंशीच्या वर तुला तेच जाणवतंय. ते पाट्याने बरं होणारं दुखणं नाही. पाटा मागचं बूड उचलेल, दिवे खाली येतील, धप्प आवाज थांबेल. पण पुढच्या आसावर १०२० आहेत ते १०२०च राहणार. कितीही पाटे घाल.

म्हणून आधी डबा नीट लाव, मग कमान.

पाण्याची टाकी पहिली. भरलेली टाकी म्हणजे ऐंशी किलो, आणि ती दाराशी आहे म्हणजे आसापासून साधारण तीन फूट मागे. ती उचल आणि कॅबच्या भिंतीला टेकव, पलंगाखाली, आडवी, गाडीच्या मधोमध. सव्वा मीटरच्या वर पुढे सरकली तर मागच्या आसावरचे चौतीसेक किलो उतरतात आणि तेवढेच पुढच्यावर चढतात. एक रुपयाचा पाटा न घेता. भरायला पाईप लांबव, दाराशी तोंड ठेव. टाकीत मधे आडवी जाळी नसेल तर मात्र ती बदल, अर्धी टाकी घाटात इकडून तिकडे धावते, तुझं ते ‘डुलत राहणं’ थोडं तिचंही असेल.

बॅटरी दुसरी. घरची ट्यूब्युलर गाडीत घालायची कल्पना ज्याने काढली त्याला मी काही बोलत नाही. पन्नास किलोच्या वर जाते ती. शिवाय तिच्यातला निम्माच करंट वापरावा, नाहीतर लवकर मरते, म्हणजे १५० मधले कामाचे पंच्याहत्तर. शंभर एएचची लिथियम फॉस्फेट घेतलीस तर वजन बारा-तेरा किलो, आणि ऐंशी-नव्वद तरी वापरता येतात. पैसे जास्त लागतील. पण ते पैसे सस्पेन्शनवरच खर्च झाले असं धर.

डावी बाजू साठ किलोने जड आहे, तीही चालवणारी उजवीकडे बसलेली असताना. फ्रीज डावीकडे असणार आणि टाकीही. टाकी मधोमध आली की निम्मं भागेल.

एवढं करून पुन्हा काट्यावर जा. मग पाट्याचं बोलू. आणि बंप रबरं बघून घे, इतके धक्के खाल्ल्यावर फाटली असतील.

---

मांडवीकर, बडोदे

आबांशी सगळं मान्य, पण एअरबॅगला कोणीच विचारत नाही म्हणून लिहितो. मी मकरपुऱ्याला जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) आहे, माझ्या पिकअपवर सुटा डबा आहे. शुक्रवारी संध्याकाळी चढवतो, रविवारी रात्री उतरवतो. सोमवारी गाडी रिकामी किंवा यंत्राचे सुटे भाग घेऊन.

मला पाटे वाढवून चाललंच नसतं, आठवड्याचे पाच दिवस पाठ मोडली असती. बॅग बसवल्या. रिकाम्या गाडीला पाच पीएसआय हवा ठेवतो, त्याखाली जाऊ देत नाही, बॅगची घडी चिमटून फाटते. डबा चढला की पंपाने भरतो आणि हवी ती उंची मिळते. दाहोदकडच्या रस्त्यावर गाडी सपाट चालते, दिवे बरोबर.

बसवताना एकच काळजी: डाव्या-उजव्या बॅगेची नळी वेगळी ठेवा. पैसे आणि कटकट वाचवायला दोन्ही टी-जोडाने एकत्र करतात. मग वळणात बाहेरच्या बॅगेतली हवा आतल्या बॅगेत पळते आणि गाडी नको तेव्हा झुकते. आणि सायलेन्सरचा पाईप बॅगेपासून लांब आहे ना ते बघा.

---

लश्करवाला, ग्वाल्हेर

मांडवीकर, तुमच्यासाठी बॅग बरोबरच. वजन रोज बदलणारं असेल तर हवेसारखं दुसरं काही नाही. ताईंचं वजन कायम आहे, म्हणून तिथे मी पोलादाच्या बाजूचा.

आणि चासीचं एक सांगतो. पाटा वजन दोन ठिकाणी देतो, पुढच्या हँगरला आणि मागच्या शॅकलला (पाट्याची दोन टोकं चासीला अडकतात त्या जागा). दोघांत चार फुटांहून जास्त अंतर. चासीला ते सोसतं, तिची घडणच त्या हिशोबाने असते. बॅग मात्र आसाच्या बरोबर वर, एकाच जागी चासीला खालून रेटते. मागे शेपटीवर सामान खाली ओढतंय, मधे बॅग वर ढकलतेय, मग चासी तिथेच वाकायला बघते. ऑस्ट्रेलियात डबल कॅबच्या गाड्यांवर जड कॅम्पर आणि फुगवलेल्या बॅग घेऊन लोक खडबडीत रस्त्यांवर जातात, तिकडे कॅब आणि हौद्याच्या मधे चासी वाकल्याची उदाहरणं इतकी आहेत की त्यावर वेगळी चर्चाच चालते. बॅगचा दोष म्हणता येणार नाही. बूड वर दिसतं म्हणून माणूस आणखी सामान भरतो, खरी गडबड तिथून.

ताईंचं वजन आसाच्या मागे जास्त आहे, म्हणजे नेमकी तीच परिस्थिती.

कडकपणाचा आकडाही काढून ठेवतो. एका बाजूच्या पाट्यावर ३०५ किलो वाढले आणि तो ८२ मिमी बसला, म्हणजे मिलिमीटरला ३.७ किलो. हा सरासरी आकडा आहे हं, खालचा जाड पाटा टेकला की कडकपणा बदलतो. पण एवढ्यावर काम भागतं.

---

मांडवीकर, बडोदे

पटलं. माझा डबा सगळा मिळून तीनशेच्या आत आहे आणि टाकी कॅबला चिकटून. म्हणून असेल.

टायरवरचा लोड इंडेक्सही बघा ताई. १०८ लिहिलं असेल तर एका टायरला १००० किलो, १११ असेल तर १०९०. तुमच्या मागच्या एका टायरवर ७४५ येतायत, म्हणजे टायर बिचारे ठीक आहेत. फक्त तो आकडा पूर्ण दाबाला असतो, रिकाम्या गाडीची हवा ठेवून डबा चढवू नका.

---

कागदीघोडा, इंदूर

रंगाचा बेरंग करतो, माफ करा. पाटे घाला, बॅग घाला, आरसीवरचं एकूण वजन एक किलोनेही वाढत नाही. ते कंपनीने ठरवलेलं असतं, ब्रेक, आस, चासी, सगळं धरून. जास्त वजनाला मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे वीस हजार आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार. कलम ५२ प्रमाणे आरसीतली माहिती कंपनीच्या मूळ माहितीशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं. कायमच्या मोटर कॅराव्हॅनसाठी तर एआयएस-१२४ हे वेगळं मानकच आहे. तुमचा डबा उतरणारा आहे, तरी एकदा आरटीओत आणि विमावाल्याला लेखी विचारून ठेवा. अपघात झाला तर विमावाला आधी काट्याची पावती मागेल.

---

मालव्याचीभटकी, इंदूर

कागदीघोडा, बेरंग कसला. पावत्या फायलीत लावूनच ठेवल्यात, सवय जात नाही.

आबा, टाकी पुढे नेली. नवरा म्हणाला पलंगाखाली माझी पुस्तकं होती. म्हटलं, पुस्तकंही वजनच. बॅटरी बदलली, जुनी ट्यूब्युलर घरच्या इन्व्हर्टरला जोडली, तिचं माहेर तेच. पुन्हा काट्यावर जाऊन आले: पुढे १०६६, मागे १४०२, एकूण २४६८. एक पाटा न हलवता मागची उंची ४७८ वरून ४९० झाली. स्टिअरिंगमधला फरक बायपासवरच कळला, हाताला पुन्हा काहीतरी लागायला लागलं.

तरीही बूड खालीच आहे आणि मोठ्या खड्ड्यात धप्प होतंच. आणि नवरा धरून आरसीचा काठ ओलांडतोच, तेव्हा सिलिंडरच्या जागी छोटी शेगडी, पाणी निम्मंच भरायचं, असं ठरवतोय. आता पाट्यांचं सांगा. एका दुकानाने जुनेच पाटे गरम करून कमान (बाक) चढवून देतो म्हटलंय, फार स्वस्तात.

---

आबा_लसूडियावाले, इंदूर

गरम करून नको. अजिबात नको. पाट्याचं पोलाद कारखान्यात तापवून, तेलात विझवून, पुन्हा ठराविक उष्णतेला आणून तयार केलेलं असतं. गॅसकटर मारून वाकवला की त्या जागेचं पाणी (कडकपणा) उतरलं. दोन महिने उंच दिसेल, मग बसेल, नाहीतर तडकेल, आणि तडकेल ते घाटातच. थंड्या हातोड्याने कमान चढवतात ते त्यातल्या त्यात बरं, पण तेही कायम टिकत नाही. पाट्यावर वेल्डिंग करायला कोणी आलं तर त्याला हाकल.

तुझ्यापुढे दोन वाटा आहेत. एक, ऑफरोडवाल्यांकडचा पूर्ण तयार गठ्ठा. ओल्ड मॅन ईमूसारख्या कंपन्या मागे कायम किती किलो असणार त्याप्रमाणे वेगवेगळे गठ्ठे देतात. चांगलं काम, पैसेही चांगलेच. घेतलास तर वजन खरं सांग. ‘कधीतरी हिमालयात जाऊ’ म्हणून एक नंबर वरचा घेऊ नको, रिकामी असताना दात वाजतील.

दुसरी वाट, आहे त्या गठ्ठ्यात पूर्ण लांबीचा एकच नवा पाटा, बाकीच्यांच्याच जाडीचा, मुख्य पाट्याच्या खाली दुसरा किंवा तिसरा. लश्करवाल्याच्या हिशोबाने मिलिमीटरला ३.७ चे पाचच्या जवळ जातील. तुझं आता एका बाजूला २६१ किलो जास्तीचं वजन आहे, म्हणजे बसणार पन्नास-पंचावन्न. नव्या पाट्याची कमान थोडी जास्त ठेवली की वीसेक मिलिमीटर त्यातून मिळतील. मी असतो तर हेच केलं असतं. गाडी वर्षातले बहुतेक महिने भरलेलीच आहे. दुसरा पाटा घालायचा मोह झाला तरी घालू नको. भरल्या गाडीचं बूड नाकापेक्षा वर गेलं तर घाटात ब्रेक मारताना सगळं पुढे येतं.

जुना माल बसवणार असशील तर मुख्य पाट्याच्या डोळ्याशी (टोकाच्या गोल वळशाशी) आणि गठ्ठ्याच्या मधल्या सेंटर बोल्टच्या भोकाशी भिंग घेऊन बघ, तडे तिथेच पडतात.

मग बसवताना. यू-बोल्ट (पाट्यांचा गठ्ठा आसाला आवळणारे) नवेच घे, जुने एकदा ताणलेले असतात, आणि गठ्ठा जाड झाल्यावर लांबीही कमी पडते. यू-बोल्ट ढिला राहिला की आस सेंटर बोल्टवर लोंबकळतो आणि तो एक दिवस कापला जातो. पाचशे किलोमीटर झाल्यावर परत आवळायला ये म्हणतात ना, ते गिऱ्हाईक परत यावं म्हणून नाही.

शॅकलचे आणि डोळ्याचे बोल्ट जॅकवर असताना शेवटचे आवळू देऊ नको. गाडी चाकांवर खाली उतरवायची, डबा चढलेला असला तर उत्तम, आणि मग आवळायचे. नाहीतर आतलं रबरी बुश पिळलेल्या अवस्थेतच अडकतं आणि वर्षभरात फाटतं. हे मी पोराला हजारदा सांगितलं, तो म्हणतो, आबा घरी जा.

ब्रेकचंही बघ. काही पिकअपना मागच्या आसाला एक दांडी असते, ती वर चासीवरच्या व्हॉल्व्हला जोडलेली. बूड बसलं की व्हॉल्व्हला कळतं वजन आलं, मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. पाटे वाढवून गाडी उचलली की त्याला वाटतं गाडी रिकामी, मागचा ब्रेक कमी लागतो. तुझ्या गाडीत ईबीडी (ब्रेकचा जोर पुढे-मागे आपोआप वाटणारी यंत्रणा) आहे, तरी खाली वाकून एकदा बघून घे, दांडी असेल तर तिची लांबी नव्याने लावून घे. छप्पनभोगी, तुझ्या पिकअपलाही हे सांगतोय. दोन पाटे घालून कांदा नेतोस ना?

---

छप्पनभोगी, इंदूर

आबा, आत्ता जाऊन बघितलं. दांडी आहे. तारेने बांधून ठेवलीये कोणीतरी.

---

आबा_लसूडियावाले, इंदूर

उद्या सकाळी दुकानावर ये. गणपती घाट उतरू नको तोवर.

---

मालव्याचीभटकी, इंदूर

एकच पाटा घातला. कारागिराने जाडी, लांबी, जागा तिन्ही विचारायच्या आधीच सांगितल्या, म्हणून तिथेच थांबले. बोल्ट चाकांवर उतरवूनच आवळून घेतले, मी स्टूल टाकून समोर बसले होते.

डबा भरून: पुढे ५३३, मागे ५२५. रिकामी असतानाचे ५३० आणि ५६० होते, म्हणजे पुढचं नाक जागेवर आलं आणि मागे पस्तीस बसतं. हेडलाईटची चकती पुन्हा मधे आणली. धप्प बंद. भेरूघाटातून ओंकारेश्वरला जाऊन आलो, एकाही ट्रकवाल्याने डिपर मारला नाही. रिकामी गाडी थोडी उडते, पण नवऱ्याच्या हातातला चहा सांडला नाही, ही आमची परीक्षा.

शॉकअप जुनेच आहेत. घाटात वळण संपल्यावर डबा एकदा जास्त झोका घेतो अजून. ते शॉकअपचं की मागे अँटी-रोल बार (वळणात कलणं आवरणारी दांडी) लागेल?

---

लश्करवाला, ग्वाल्हेर

एकच जास्तीचा झोका म्हणजे शॉकअप. पाटा कडक झाला, त्याची उसळी आवरायला आता जुना कमी पडतोय. आता भारी शॉकअप घ्या, तुमचा पहिला मेकॅनिक खूश होईल. चारही एकदम बदलायची गरज नाही, मागची जोडी घ्या आणि त्याच घाटात त्याच वेगाने उतरून बघा. वळणात आत शिरतानाच जास्त कलत असेल, तर मग बारचं बघू. आणि छताला बांधलेली छत्री, खुर्च्या, जे काही असेल ते खाली आणा. उंचावरचे दहा किलो तळाच्या चाळीसइतके त्रास देतात, निदान झुलताना.

---

मालव्याचीभटकी, इंदूर

छतावर सावलीसाठीच्या चांदणीचा लोखंडी सांगाडा आहे. उद्या उतरवते.